चहाचे पैसे की बसण्याचे?

गेल्या महिन्यात भाच्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. मुंबईतल्या समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलातला दुपारचा चहा. चांदीची किटली, पातळ कडेचे कप आणि मधोमध तीन मजली स्टँड. खालच्या ताटलीत बोटभर सँडविच, मधल्या ताटलीत स्कोन, वर केक. खाली त्याने लिहिलं होतं, ‘अम्मी या महिनाअखेरीस रिटायर होतेय. तिला इथं चहाला न्यायचंय. मामू, तुम्हीपण चला.’ सोबत दर होता. माणशी काही हजार रुपये, वर कर.

अर्ध्या तासात ग्रुपवर मुशायरा सुरू झाला. एकाने ‘इसराफ’ म्हणजे उधळपट्टी हा शब्द काढला. दुसऱ्याने एवढ्या पैशात नगरमध्ये किती माणसांची दावत होते याचा हिशेब मांडला. तिसऱ्याचं म्हणणं असं, की आपली मुलं कमवायला लागली तरी आपण चार पैसे स्वतःवर खर्च करायला का घाबरतो? आपा, म्हणजे भाच्याची आई, माझी थोरली बहीण. तिने एकच ओळ लिहिली, ‘इत्ते पैसे में तो पूरे मोहल्ले की चाय हो जाती.’

रात्री तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने हळूच विचारलं, “और हमको बिठाएंगे क्या वहाँ?”

आपाने तीसहून अधिक वर्षं जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवलं. ती बुरखा घालते. मुंबईला ती कित्येकदा गेली आहे, गेटवेपाशी फोटो काढले आहेत, समोरचं हॉटेल फुटपाथवरून पाहिलं आहे. रस्ता ओलांडून आत जायचा विचार तिच्या मनात कधी आला नाही.

भाच्याचा प्रश्न होता, इतके पैसे देण्याइतकं त्या चहात काही असतं का? आपाचा प्रश्न वेगळा होता. इतिहास धुंडाळताना माझ्या लक्षात आलं, की आपाच्या प्रश्नाचं उत्तर शोधल्याशिवाय भाच्याला उत्तर देता येणार नाही.

दहा रुपयांची पत्ती

आधी साधा हिशेब करू. एका कपाला दोन ते अडीच ग्रॅम पत्ती लागते. हॉटेलने किलोला ४,००० रुपये मोजून उत्तम दार्जिलिंग आणला, तरी एका कपातली पत्ती दहा रुपयांची. आपल्या घरी किंवा टपरीवर जी सीटीसी पत्ती उकळते, म्हणजे यंत्रात चुरडून, फाडून, गोळी केलेली, ती तर कपाला रुपया-दोन रुपयांची. हे तंत्र १९३० च्या दशकात आसामात निघालं. कमी पत्तीत गडद, कडक चहा त्यामुळेच होऊ लागला आणि गरिबाच्या ग्लासापर्यंत पोहोचला.

म्हणजे हॉटेल चहाचे पैसे घेतच नाही. सँडविच, केक, नोकरांचे पगार, इमारतीची निगा हे सगळं धरलं तरी मुख्य भाग उरतोच. तो आहे दोन तास खिडकीपाशी बसण्याचा. इराण्याच्या हॉटेलात एक चहा घेऊन पेपर वाचत बसणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मालक गल्ल्यावरून डोळे वटारून बघायचा, त्याचं गणितही हेच होतं. टेबल अडलं की धंदा अडतो. पंचतारांकित हॉटेल डोळे वटारत नाही, ते अडलेल्या टेबलाचं भाडं आधीच बिलात धरतं.

पण बसण्याला एवढी किंमत आली कुठून? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

हुंड्यात आलेला चहा

चहा आणि मुंबई यांचं नातं एका लग्नात जुळलं. १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला. हुंड्यात पोर्तुगालने मुंबई बेट देऊ केलं. पुढच्या वर्षी कॅथरीन लंडनला आली आणि सोबत चहाची सवय घेऊन आली. चहा तिच्या आधीच लंडनच्या कॉफीगृहांत मिळत होता. सॅम्युएल पीप्सने २५ सप्टेंबर १६६० च्या रोजनिशीत ‘चिनी पेय’ म्हणून त्याची नोंद केली आहे. पण राणी पिते म्हटल्यावर दरबारातल्या बायकांनी तो उचलला. इकडे मुंबईचं काय करावं हे राजाला कळेना. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढे ज्या कंपनीने चहाच्या व्यापारावर अमाप पैसा केला, तिच्याच हाती मुंबई आली.

चहा तेव्हा श्रीमंतांचा होता. चहाच्या डबीला कुलूप असे आणि किल्ली मालकिणीच्या कमरेला. १७८४ पर्यंत त्यावरचा कर ११९ टक्क्यांवर गेला होता. १०० पौंडांच्या मालावर ११९ पौंड कर. साहजिकच निम्मं इंग्लंड चोरून आणलेला चहा पीत होतं. त्या वर्षी कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा गिरणीकामगाराच्या घरात शिरला. त्यात पडणारी साखर वेस्ट इंडीजच्या बेटांवरून यायची आणि ती गुलामांच्या घामाची होती. १७९१ मध्ये इंग्लंडमधल्या हजारो कुटुंबांनी, विशेषतः बायकांनी, ती साखर घरात आणायची बंद केली. चहाच्या टेबलावर बसून जगाचा हिशेब मागायची ती एक सुरुवात होती.

चहाचा खरा मोबदला मात्र चीनला द्यावा लागे आणि चीनला चांदीशिवाय काही नको होतं. चांदी संपायला लागली तेव्हा कंपनीने उपाय शोधला. अफू. बंगालची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबईहून चीनकडे निघाली. तिच्या पैशातून चहा विकत घेतला जाऊ लागला. चीनने अफू अडवली तेव्हा १८३९ मध्ये युद्ध झालं.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा इतिहास लिहिताना आपण सगळा दोष इंग्रजांवर टाकून मोकळे होतो. मुंबईच्या त्या चीन व्यापारात जमशेटजी जीजीभॉय यांचं नाव सर्वांना माहीत आहे. त्यांचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद आणि मोहम्मद अली रोगे. एक पारशी, एक गुजराती शेठ आणि एक कोकणी मुसलमान. रोगे घराण्याचं नाव मुंबईच्या जामा मशिदीच्या इतिहासात येतं. कोकणी मुस्लिम समाजाच्या कर्तबगारीचा विषय निघाला की ते आपण अभिमानाने घेतो. घ्यावंही. पण त्यांच्या जहाजांत काय भरलेलं असायचं हेही त्याच दमात सांगायला हवं. लंडनच्या बाईसाहेबांच्या कपाखालची बशी धरणाऱ्यांत आपलाही हात होता.

चीनवरचं अवलंबन संपवायला इंग्रजांनी आसामात मळे लावले. १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला. मळ्यांत काम करायला छोटा नागपूर आणि आसपासचे आदिवासी करारावर नेले गेले. मळा सोडून पळालेल्या मजुराला मळेवाल्याने स्वतःच पकडावं, अशी सोय १८६५ च्या कायद्याने करून दिली. १९२१ च्या मे महिन्यात चरगोला खोऱ्यातले हजारो मजूर बायकामुलांसह मळे सोडून चालत घराकडे निघाले. चांदपूरच्या स्टेशनावर रात्री झोपलेल्या या माणसांवर गोरखा शिपाई सोडण्यात आले. चांदीच्या किटलीतून पडणाऱ्या सोनेरी धारेत हेही आहे.

चार वाजताची भूक

‘आफ्टरनून टी’ हा प्रकार मात्र उशिरा जन्मला. १८४० च्या सुमारास इंग्लंडच्या उमरावांची रात्रीची जेवणं आठ-साडेआठपर्यंत लांबली होती. दुपारच्या हलक्या खाण्यानंतर मधल्या वेळी पोट कुरकुरायचं. बेडफर्डची डचेस ॲना मारिया हिने चारच्या सुमारास आपल्या खोलीत चहा आणि लोणी-पाव मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलावलं, असं सांगतात. थोडक्यात, ही ज्यांना स्वयंपाक करावा लागत नव्हता अशा बायकांची भूक होती.

आपल्याकडची हॉटेलं याला ‘हाय टी’ म्हणतात, त्यात एक गंमत आहे. इंग्लंडात हाय टी म्हणजे कामगाराचं संध्याकाळचं जेवण. कारखान्यातून थकून आल्यावर जेवणाच्या उंच टेबलाशी बसून पाव, मांस, बटाटे आणि कडक चहा. उमरावांचा चहा बैठ्या टेबलांवर, कोचांच्या मध्ये व्हायचा. ‘हाय’ हा शब्द उच्चभ्रू वाटल्याने आपण मजुराच्या जेवणाचं नाव साहेबाच्या चहाला लावलं आणि त्याचे हजारो रुपये घेऊ लागलो.

पुढचा टप्पा महत्त्वाचा आहे. डचेसच्या दिवाणखान्यात आमंत्रणाशिवाय जाता येत नव्हतं. १८६५ मध्ये लंडनला लँगहॅम हॉटेल उघडलं, १९०६ मध्ये रिट्झ. हॉटेलांनी त्या दिवाणखान्याची नक्कल करून ती तिकिटावर खुली केली. आता खानदान नको, पैसे पुरे. त्याच काळात स्वस्त चहाघरंही निघाली. एरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ मध्ये आपल्या पावाच्या दुकानात चहा द्यायला सुरुवात केली. लायन्सचं पहिलं चहाघर १८९४ मध्ये पिकॅडिलीत उघडलं.

या चहाघरांचा सगळ्यात मोठा फायदा बायकांना झाला. दारूच्या गुत्त्यात भल्या घरची बाई जात नव्हती. पुरुषांच्या क्लबात तिला प्रवेश नव्हता. घराबाहेर एकटीने किंवा मैत्रिणीबरोबर बसून काही खाता येईल, अशी जागाच नव्हती. चहाघराने ती दिली. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांच्या भेटीगाठी, मसलती तिथे होत. चहा तर त्यांना घरी फुकट मिळत होता. पैसे त्या खुर्चीचे देत होत्या.

कुणाच्या हातचा चहा?

आपल्याकडे खुर्चीची किंमत पैशात मोजली जात नव्हती. ती जातीत मोजली जायची.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं. शहरातली नामवंत मंडळी हजर होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कार्यक्रमानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं दिली. कुणी प्याले, कुणी नुसता ओठाला लावला, कुणी तसाच बाजूला ठेवला. हे जुळवून आणणाऱ्या गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या पतीने, हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली. मग काय विचारता! पुण्यात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. ख्रिस्त्याच्या घरचा चहा घेतला म्हणून लोकांवर बहिष्कार पडला, घरच्या कार्याला भटजी मिळेनासे झाले. टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. रानड्यांनी आप्तेष्टांची अडचण पाहून शेवटी प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्या मनस्तापाबद्दल रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. एका कप चहाची इतकी किंमत कुठल्या पंचतारांकित हॉटेलनेही घेतली नसेल.

ही किंमत त्यांनी एकदा मोजली. काहींना ती रोज मोजावी लागली. खेड्यातल्या हॉटेलात दलितांची कपबशी वेगळी, बाहेर वळचणीला ठेवलेली. चहा वरून ओतायचा, पिऊन झाल्यावर ज्याचा त्याने कप धुऊन ठेवायचा. पैसे मात्र तेवढेच. रेल्वेच्या फलाटांवर ‘हिंदू चाय’, ‘मुस्लिम चाय’ अशा आरोळ्या असत. पाणीही वेगळं. आझाद हिंद सेनेचे कैदी दिल्लीत असताना गांधीजी त्यांना भेटायला गेले. कैद्यांनी सांगितलं, की इथे आम्हाला हिंदू चहा आणि मुस्लिम चहा वेगवेगळा येतो. मग तुम्ही काय करता? दोन्ही एकत्र ओततो आणि निम्मा निम्मा वाटून घेतो, असं उत्तर मिळालं.

मुंबई-पुण्यात हे ओतकाम इराण्यांनी केलं. यझ्द, केरमानकडून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आलेले हे लोक. बहुतेक झरतुष्ट्री, काही मुसलमान. रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बरणीत खारी आणि नानकटाई. मुंबईचं कयानी १९०४ चं. पुण्याचं गुडलक हुसैनअली यक्षी यांनी १९३५ मध्ये सुरू केलं. ‘पानी कम’ चहा आणि ब्रून मस्का घेऊन गिरणीकामगार, वकील, विद्यार्थी, टॅक्सीवाले शेजारी शेजारी बसले. जात विचारायला वेळही नव्हता आणि इराण्याला त्यात रसही नव्हता. अनेक ठिकाणी ‘फॅमिली रूम’ असायची. लाकडी आडोसा, एक पडदा. आज हे मागासलेलं वाटेल, पण ज्या बायकांनी घराबाहेर कधी चहा घेतला नव्हता, त्यांच्यासाठी ते लायन्सचं चहाघरच होतं. आमच्या आपाने बाहेरचा पहिला चहा अशाच एका पडद्याआड घेतला. अब्बा सोबत होते. वर्ष तिला आठवत नाही. बशीची फुलं आठवतात.

आणि ताज? ते १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हता, तो १९२४ चा. इमारतीच्या आराखड्यात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून जमशेटजी टाटांनी ताज बांधलं, ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. तिला पक्का पुरावा नाही. तरी ती शंभर वर्षं टिकली, कारण दारातून परत फिरवलं जाणं काय असतं हे सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोघांनाही माहीत होतं. शेजारच्या यॉट क्लबात गोऱ्यांशिवाय कुणाला सदस्यत्व नव्हतं. ताजमध्ये पैसे असतील तर हिंदी माणूस बसू शकत होता. पैसे असतील तर, ही अट मोठी होती. पण ती जातीची आणि कातडीची नव्हती.

योगायोग पाहा. त्याच १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवणारा कायदा केला. त्या पैशातून पुढे चहाचा प्रचार झाला. बाजारात, गिरण्यांत, स्टेशनांवर चहा करून दाखवायचा, फुकट पाजायचा, सवय लावायची. एकीकडे समुद्रावरचं महागडं टेबल तयार होत होतं, दुसरीकडे रस्त्यावरचा ग्लास. आज वाटतं चहा आपल्या पूर्वजांपासून चालत आलाय. प्रत्यक्षात आमच्या पणजीच्या स्वयंपाकघरात तो नव्हता. मेहमानाला ‘चाय तो पीके जाओ’ म्हणायची रीत फार तर तीन पिढ्यांची आहे.

किल्ल्यातला चहा

चहाच्या किंमतीबद्दल बोलताना आम्हा नगरकरांना एक जागा टाळता येत नाही. आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर भुईकोट किल्ला आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि रेल्वेने त्यांना इथे आणलं. नेहरू, पटेल आणि त्यांच्यासोबत काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. एप्रिल १९४५ पर्यंत मौलाना इथे होते. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. मौलानांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहिली. टपालात ती टाकता येत नव्हती. १९४६ मध्ये ती ‘गुबारे खातिर’ या नावाने छापली गेली.

या पत्रांत चहा जागोजागी येतो. मौलाना पहाटे तीन-चारला उठत, सगळी बराक झोपेत असताना. स्वतःच पाणी ठेवत. चहा चिनी, चमेलीच्या सुगंधाचा. दूध नाही. दूध घातलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. ही खोड इंग्रजांनी लावली आणि हिंदुस्तानने डोळे मिटून उचलली, अशी त्यांची तक्रार होती. एक घोट चहाचा, एक झुरका सिगारेटचा आणि समोर कागद. याच दिवसांत, एप्रिल १९४३ मध्ये, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. मौलानांनी सरकारकडे सुटकेची याचना केली नाही.

उर्दूत चहावर इतकं देखणं कुणी लिहिलं नसेल, आणि तो चहा कुठे घेतला गेला? ना समुद्र, ना चांदीची किटली, ना वाढायला कुणी. तुरुंगाची खोली. मग त्या चहाला गोडी कशाने आली? फुरसतीने. इंग्रजांनी त्यांच्यापासून सगळं काढून घेतलं आणि नकळत एक गोष्ट देऊन बसले. पहाटेचे दोन तास, ज्यात कुणाचं काही देणं नव्हतं.

हॉटेल तेच विकतं. दोन तास. त्या वेळात किटली रिकामी झाली तर दुसरं कुणीतरी उठतं.

मग जायचं की नाही?

आता आपाकडे येतो. तिने आयुष्यात किती चहा केला असेल? शाळेला जाण्याआधी घरच्यांना, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांना, घरी आल्यावर सासूसासऱ्यांना, ईदला येणाऱ्या-जाणाऱ्या शंभर माणसांना. मय्यतीच्या घरी मोठ्या पातेल्यात. आणि तिचा स्वतःचा कप? तो ओट्यावर. सगळ्यांना देऊन झाल्यावर, उभ्याने, निवलेला. आमच्या घरातल्या एकाही पुरुषाने, मीही त्यात आलोच, त्याकडे कधी पाहिलं नाही. ‘मेहमाननवाजी आमच्या रक्तात आहे’ असं आपण छाती फुगवून सांगतो. ती रक्तात कमी आणि बायकांच्या पायांत जास्त असते.

म्हणून भाच्याला मी असं उत्तर लिहिलं. बेटा, चहा म्हणून पैसे मोजत असशील तर जाऊ नकोस. तेवढी पत्ती दहा रुपयांत येते, आणि पदार्थ म्हणशील तर आपल्या गल्लीतल्या बेकरीची खारी त्या स्कोनला हरवेल. फोटोसाठी जात असशील तरी जाऊ नकोस, तो इसराफच. दर वर्षी जायचा रिवाज करू नकोस. पण जिने तीस-चाळीस वर्षं सगळ्यांना बसवलं, तिला एकदा बसवण्यासाठी जात असशील तर ती किंमत महाग नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. एका माणसाच्या या चहाचे पैसे म्हणजे आसामच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या बाईची कित्येक दिवसांची मजुरी. चरगोलाहून निघालेली माणसं अजून घरी पोहोचलेली नाहीत. हे आठवून घास अडकावा असं मी म्हणत नाही, पण आठवावं. आणि जो मुलगा किटली घेऊन येईल, तो कुणाच्या तरी आपाचा मुलगा आहे. त्याच्याशी नीट बोल. त्याचं नाव विचार.

भाचा म्हणाला, “मामू, अम्मी मानतच नाही. म्हणते, लोग देखेंगे.”

मग मीच आपाला फोन लावला. तिला पंचहौदची गोष्ट सांगितली, लंडनच्या चहाघरांतल्या बायकांची सांगितली, किल्ल्यातल्या मौलानांची तर तिला पाठ आहे, वर्गात शिकवलेली. तिने सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, “आपा, बिठाएंगे. न बिठाने का अब कोई कानून नहीं है. आणि कुणी बघितलं तर बघू दे.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, “दूध अलग से देते क्या? मेरे को बगैर दूध की नहीं जाती.”

मौलानांना हे आवडलं नसतं. पण टेबल चौघांसाठी, खिडकीजवळचं, सांगून ठेवलं आहे.